सरासरी साडेनऊ दिवस, तरी लातूरचे शेठ का चिडले?

पत्र

आमची चिकलठाण्याला छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. वाळूजचे व्हेंडर, जालन्याच्या रोलिंग मिल आणि लातूर-नांदेडचे आडत व्यापारी यांना आम्ही स्टॉक, बिलिंग आणि डिस्पॅचचं सॉफ्टवेअर देतो. माझी टीम सात जणांची आहे : पाच डेव्हलपर, एक टेस्टर आणि मी. दोन महिन्यांपूर्वी सरांनी लीड टाइमचा, म्हणजे मागणी आल्यापासून काम मिळेपर्यंत किती दिवस लागतात त्याचा, चार्ट ऑफिसातल्या टीव्हीवर लावला. तेव्हा सरासरी १३ दिवस होती, आता साडेनऊ आहे. सर खूश आहेत, ग्राहक मात्र नाहीत. लातूरच्या एका व्यापाऱ्याचा वजनकाटा बिलिंगला जोडायचा होता, त्याला ४४ दिवस लागले. ऐन सोयाबीनच्या आवकेत ते रोज फोन करायचे, "ओ मॅडम, सीझन निघून चालला, तुम्ही कवा देऊ लालात?"

आता सर म्हणतात, चार्टवर प्रत्येक कामापुढे करणाऱ्याचं नाव टाका, म्हणजे कोण मागे पडतंय ते कळेल. मुलं घाबरलीत. दोघांनी तर एका तिकिटाची (कामाच्या नोंदीची) चार तिकिटं करून बंद करायला सुरुवातही केली. नावं टाकू का? ग्राहकाला तारीख कोणती सांगू? आणि स्प्रिंट (ठरावीक आठवड्यांच्या टप्प्यात कामं संपवायची पद्धत) सोडून कानबानवर (एका वेळी चालू कामांवर मर्यादा घालायची पद्धत) जावं का? गेल्या चार आठवड्यांत बंद झालेल्या २० कामांचे दिवस आणि त्या ४४ दिवसांच्या कामाचा इतिहास सोबत जोडते. बोर्डावर आज १८ कामं चालू आहेत.

— एक टीम लीड, छत्रपती संभाजीनगर

उत्तर

ताई, नावं टाकू नका. कारण तुम्हीच पाठवलेल्या आकड्यांत आहे, त्याकडे येतोच. आधी ती सरासरी बघू.

तुमची २० कामं लहानापासून मोठ्यापर्यंत लावली तर दिवस असे येतात : २, २, ३, ३, ३, ४, ४, ४, ५, ५, ६, ६, ७, ८, ९, ११, १४, १९, ३१, ४४. बेरीज १९०, सरासरी साडेनऊ. सरांचा टीव्ही खोटं सांगत नाही. पण या २० मध्ये साडेनऊ दिवसांच्या आसपास लागलेली कामं किती? जेमतेम एक. १५ कामं सरासरीच्या आतच संपली, त्यातली बरीच तर आठवड्याच्याही आत. उरलेली पाच तिच्या बाहेर गेली आणि त्यातली शेवटची दोन फारच लांब गेली. ३१ आणि ४४ काढून टाका, राहिलेल्या १८ ची सरासरी साडेसहाच्याही खाली येते. दोन कामांनी अख्ख्या टीमचा आकडा तीन दिवसांनी ओढलाय.

मराठवाड्यातल्या माणसाला हे समजवायला गणित लागत नाही. आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या पावसाची सरासरी साधारण ६७९ मिलिमीटर सांगतात. ती भरते त्या वर्षीही जुलै-ऑगस्टात २० दिवसांचा खंड पडला तर सोयाबीन माना टाकतं, आणि सप्टेंबरात चार दिवसांत कोसळून आकडा पूर्ण झाला तर उभं पीक पाण्यात जातं. तलाठी कागदावर सरासरी लिहितो, शेतकरी खंड मोजतो. लातूरचे शेठ तुमचा खंड मोजत होते.

म्हणून टीव्हीवरची ती एक रेघ आधी काढा आणि तिच्या जागी ठिपके लावा. आडव्या अक्षावर काम ज्या तारखेला संपलं ती तारीख, उभ्या अक्षावर त्याला लागलेले दिवस, प्रत्येक कामाचा एक ठिपका. जिरामध्ये (कामांची नोंद ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) असा चार्ट तयार मिळतो, पण मी म्हणेन की पहिला महिना एक्सेलमध्ये हातानं करा. हातानं भरताना प्रत्येक ठिपक्यामागचं काम आठवतं, आणि चार्टचा निम्मा उपयोग त्या आठवण्यात आहे. किरकोळ दुरुस्त्या आणि नवी जोडणी यांना वेगवेगळे रंग द्या. बिलाच्या छपाईतला जीएसटी क्रमांक खाली सरकवणं आणि वजनकाटा जोडणं ही दोन कामं एका तराजूत तोलली की दोघांविषयी काहीच कळत नाही.

घड्याळ कुठून सुरू होतं तेही तपासा. तुम्ही पाठवलेल्या इतिहासात वजनकाट्याचं काम ग्राहकाचा फोन आला त्या दिवसापासून मोजलंय, ते बरोबर आहे. पण बाकीच्या १९ कामांत काहींचं घड्याळ डेव्हलपरनं तिकीट हातात घेतल्यावर सुरू झालेलं दिसतं. दोन दिवसांत संपलेलं काम त्याआधी सपोर्टच्या मुलीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आठवडाभर पडून असेल तर ग्राहकाच्या लेखी ते नऊ दिवसांचं आहे. काम हातात घेतल्यापासून संपेपर्यंतच्या वेळेला बहुतेक ठिकाणी सायकल टाइम म्हणतात, मागणी आल्यापासून मिळेपर्यंतच्या वेळेला लीड टाइम. दोन्ही ठेवायला हरकत नाही, फक्त एकाच चार्टवर मिसळू नका. आणि दिवस कॅलेंडरचे धरा, रविवारसकट, दिवाळीसकट. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी तुम्हाला असेल, ग्राहकाच्या वाट बघण्याला नसते.

आता नावांचा विषय. वजनकाट्याच्या ४४ दिवसांचा तुम्हीच दिलेला हिशेब असा आहे : फोन आल्यावर ६ दिवस काम कुणाकडेच नव्हतं. मग ४ दिवस कोडिंग. मग टेस्टरच्या रांगेत १३ दिवस. २ दिवस टेस्टिंग, त्यात वजनाच्या दशांशाची चूक सापडली. ती दुरुस्त करायला डेव्हलपर मोकळा नव्हता, सरांनी त्याला जालन्याच्या अर्जंट कामावर घातलं होतं, त्यात ८ दिवस गेले. दुरुस्ती १ दिवस. आणि शेवटी रिलीजची (ग्राहकांना नवी आवृत्ती द्यायची) तारीख यायची होती म्हणून तयार काम १० दिवस तसंच पडून.

म्हणजे ४४ पैकी ७ दिवस त्या कामाला कुणाचा तरी हात लागलेला होता. ३७ दिवस ते नुसतं थांबलं होतं. चार्टवर या ठिपक्यापुढे नाव कुणाचं येणार? ज्यानं ४ दिवसांत कोड लिहिला आणि एका दिवसात चूक काढली, त्या पोराचं. ज्या १३ दिवसांत काम रांगेत उभं होतं, ज्या ८ दिवसांत सरांनीच माणूस उचलला होता आणि ज्या १० दिवसांत रिलीजचं वेळापत्रक आडवं आलं, त्यांच्यापुढे नाव टाकायला चार्टमध्ये रकानाच नाही. सरांना हेच दाखवा, पण सगळ्यांसमोर नको आणि टीव्हीवर तर मुळीच नको. एका कागदावर या एकाच कामाची ४४ चौकोनांची पट्टी काढा, हात लागलेले ७ चौकोन रंगवा, बाकीचे पांढरे ठेवा आणि चहाच्या वेळी समोर ठेवा. "सर, यातल्या कुठल्या चौकोनात कुणाचं नाव लिहू?" इतकंच विचारा. कंपनी उभी केलेल्या माणसाला पांढरे चौकोन कुणी समजावून सांगावे लागत नाहीत, त्याला त्यात पैसे दिसतात.

नावं टाकल्यावर काय होईल ते तुमच्याकडे आधीच सुरू झालंय. एका तिकिटाची चार तिकिटं करून बंद करणाऱ्या त्या दोघांना रागवू नका. सरांनी आकडा मागितला, त्यांनी आकडा दिला. साडेनऊमधला थोडा भाग त्या कारागिरीचा असणार. काम लहान तुकड्यांत करणं हे मुळात चांगलंच, पण तुकडा असा हवा की तो एकटा ग्राहकाच्या उपयोगाला आला पाहिजे. काट्यावरचं वजन पडद्यावर दिसू लागलं, तो एक तुकडा, आडत्याच्या मुनिमाला त्याचा लगेच उपयोग आहे. 'डेटाबेसमध्ये टेबल तयार केलं' हा तुकडा नाही, त्याला ठिपका मिळणार नाही. हा एक नियम लावला की खोटी तिकिटं आपोआप थांबतील.

आता जी गोष्ट तुमच्या चार्टवर दिसतच नाही, ती. मला जास्त काळजी तिची वाटते.

चार्टवर फक्त संपलेली कामं येतात. चालू असलेली १८ कुठेच नाहीत. पुढे अमेरिकेतल्या एमआयटीत प्राध्यापक झालेल्या जॉन लिटल यांनी १९६१ साली एक नियम सिद्ध केला, रांगेच्या शास्त्रात तो त्यांच्याच नावानं ओळखला जातो : आत असलेली सरासरी कामं म्हणजे दर आठवड्याला बाहेर पडणारी कामं गुणिले प्रत्येक कामाला लागणारे सरासरी आठवडे. दवाखाना असो, कारखाना असो, सॉफ्टवेअर असो, नियम तोच. तुम्ही चार आठवड्यांत २० कामं बंद केली, म्हणजे आठवड्याला पाच. आत १८. भागाकार केला तर येतात ३.६ आठवडे, साधारण २५ दिवस. आणि तुमचा टीव्ही सांगतोय साडेनऊ!

दोन्हींत इतकी फट का पडावी? लिटलचा नियम जमतो तो जितकी कामं आत येतात साधारण तितकीच बाहेर पडत असतील आणि आत गेलेलं प्रत्येक काम कधी ना कधी बाहेर येत असेल तेव्हा. तुमच्याकडे तसं होत नाहीये. सोपी नवी कामं येतात, पटकन बंद होतात, चार्ट हिरवा राहतो. जड आणि जुनी कामं बोर्डावर तशीच बसून आहेत. ती जोवर संपत नाहीत तोवर सरासरीत येत नाहीत, आणि ज्या दिवशी संपतील त्या दिवशी चार्ट एकदम बिघडेल. म्हणजे एखाद्यानं जिद्दीनं जुनं काम हातावेगळं केलं, तर टीव्हीवर शिक्षा त्यालाच. त्यापुढे आणखी नाव असेल तर कोण हात लावेल जुन्या कामाला?

तेव्हा आजच बसून त्या १८ कामांपुढे प्रत्येकाचं आजचं वय लिहा. किती दिवसांपासून चालू आहे, बस. मला वाटतं त्यात महिन्यावर गेलेली काही निघतीलच, आणि एकदोन अशी निघतील की ज्यांची ग्राहकालाही आता गरज नाही. ती त्याला विचारून सरळ रद्द करा. उरलेली वयाप्रमाणे लावा, सर्वांत म्हातारं वर. सकाळच्या स्टँडअपमध्ये (टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीत) 'काल मी काय केलं' ही फेरी बंद करा आणि बोर्डावर वरून खाली या : हे काम का थांबलंय, आज कोण पुढे ढकलणार? अर्ध्या कामांना ६ दिवसांपेक्षा जास्त लागत नाहीत, हे तुमचेच आकडे सांगतात. एखाद्या कामानं ६ ओलांडले की विचारपूस सुरू करा, १४ ओलांडले की दुसरा माणूस जोडा. जोवर काम चालू आहे तोवरच त्याचं काही करता येतं. संपलेल्या ठिपक्याकडे बघून नुसतं हळहळता येतं.

रांग कुठे लागते तेही आता उघड आहे. पाच जण लिहिणार आणि एक जण तपासणार. टेस्टर कष्टाळू आहे की आळशी, याचा इथे संबंध नाही. रांगेच्या सर्वांत साध्या गणितात माणूस ८० टक्के वेळ गुंतलेला असेल तर त्याच्याकडे आलेलं काम हात लागेपर्यंत सरासरी एका कामाच्या चौपट वेळ थांबतं. ९० टक्के गुंतला की नऊपट, ९५ टक्क्यांना १९ पट. खऱ्या ऑफिसात आकडे तंतोतंत असे येत नाहीत, पण चढ असाच येतो. 'टेस्टर कधीच रिकामा बसत नाही' याचं सरांना कौतुक वाटत असेल तर तुमचे १३ दिवस त्या कौतुकातून आलेत.

दुसरा टेस्टर घ्या असं मी म्हणणार नाही. शिकवून तयार केलेलं माणूस वर्षभरात पुण्याला हिंजवडीत जातं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. त्यापेक्षा टेस्टिंगच्या रकान्यावर मर्यादा घाला, तीन कामं म्हणा. तीन भरली की डेव्हलपरनं नवं तिकीट उघडायचं नाही, शेजारच्यानं लिहिलेलं तपासायला बसायचं. स्वतःचं नको, शेजारच्याचं. पहिले दोन आठवडे मुलं कुरकुर करतील आणि सरांना वाटेल की पगार घेऊन माणसं टेस्टिंग करतायत. तेव्हा ती ४४ चौकोनांची पट्टी परत काढा.

अर्जंट कामांचंही तसंच. सर रोज एक अर्जंट आणत असतील तर ते थांबवणं तुमच्या हातात नाही, थांबवूही नका, शेवटी ग्राहक त्यांनीच जोडलेत. पण बोर्डावर अर्जंटसाठी एकच जागा ठेवा. ती भरलेली असताना नवं अर्जंट आलं तर कोणतं आधी, ते सरांनीच सांगायचं. जालन्याचं काम आत घेतल्यामुळे लातूरचं ८ दिवस मागे गेलं, ही गोष्ट त्या वेळी कुणी मोठ्यानं बोललं असतं तर कदाचित त्यांनी वेगळं ठरवलं असतं. निदान त्यांनी ठरवलं असतं, आपोआप घडलं नसतं.

रिलीजचे १० दिवस सर्वांत स्वस्तात वाचणारे. दोन आठवड्यांनी होणारं रिलीज दर आठवड्याला करा. एवढ्यानं तयार काम पडून राहायचा वेळ सरासरी निम्म्यावर येईल, कुणाला एक ओळही जास्त लिहावी लागणार नाही. बुधवारी करा. शुक्रवारी केलं आणि शनिवारी आडत बाजारात बिल निघेना, तर फोन तुम्हालाच येणार.

तारखेचं विचारलंत. साडेनऊला गोल करून 'दहा दिवसांत देतो' म्हणालात, तर तुमच्याच २० कामांच्या हिशेबानं चारातल्या एका ग्राहकाला दिलेला शब्द मोडेल. त्याऐवजी यादीत सर्वांत लहान कामापासून मोजत १७ व्या कामावर या. तिथे १४ दिवस आहेत. २० पैकी १७, म्हणजे ८५ टक्के कामं १४ दिवसांत झाली. याला ८५ वा पर्सेंटाइल म्हणतात आणि शब्द द्यायला तो बरा. २० कामं तशी कमीच, दर महिन्याला हा आकडा नव्यानं काढा, आणि किरकोळ दुरुस्त्यांचा वेगळा काढता आला की त्यांना १४ सांगायची गरज उरणार नाही. स्टोरी पॉइंटवरून (काम किती मोठं याच्या अंदाजी आकड्यावरून) दिवस काढत बसू नका. लातूरच्या शेठना आठ पॉइंट म्हणजे काय ते कळत नाही, आणि खरं सांगायचं तर तुमच्या टीमलाही ते दर वेळी वेगळंच कळतं.

शेठना टक्के सांगू नका. "१४ दिवस धरा. अडलं तर आठव्या दिवशी मीच फोन करीन," असं सांगा आणि आठव्या दिवशी खरोखर करा, अडलेलं नसलं तरी. त्यांचा रोजचा फोन तारखेसाठी नव्हता, तिकडे कुणी बघतंय का एवढंच त्यांना कळत नव्हतं. आणि त्यांचा हंगाम तुमच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. ऑक्टोबरात सोयाबीन, जानेवारीपासून तूर. आडत्याचं काम सप्टेंबरात आलं असेल तर ते १४ दिवसांचं असलं तरी घाईचंच आहे, हे कुठल्याही चार्टवर दिसणार नाही.

राहिला स्प्रिंट की कानबान. या भांडणात पडू नका. कानबान कार्डं टोयोटाच्या कारखान्यात जन्मली आणि वाळूजच्या तुमच्या ग्राहकांपैकी अनेकांच्या शॉपफ्लोअरवर ती आजही फिरत असतील. एखाद्या दुपारी टीमला घेऊन एखाद्या व्हेंडरकडे जा आणि ट्रॉली भरलेली असताना मागचं मशीन का थांबवतात ते सुपरवायझरलाच विचारा, तो माझ्यापेक्षा चांगलं सांगेल. तुमचा दोन आठवड्यांचा स्प्रिंट बैठकांसाठी सोयीचा असेल तर राहू द्या. फक्त स्प्रिंट संपला म्हणून चालू काम बंद करून पुढच्या स्प्रिंटमध्ये नव्या तारखेनं उघडू नका. काहींनी तेही सुरू केलं असेल, बघा. कामाचं घड्याळ ग्राहकाच्या फोनपासून चालू झालंय, ते मध्येच शून्यावर आणायचा हक्क तुमचा नाही आणि जिराचाही नाही.